प्लास्टिकची कौलं दर पावसाळ्यात त्याच जागी गळतायत? सिलिकॉन मारायच्या आधी हे तपासा

जून लागला की फोन ठरलेला असतो. "दादा, गेल्या वर्षी सगळीकडे सिलिकॉन मारून घेतलं होतं, मे महिन्यापर्यंत काही नव्हतं आणि आता पहिल्याच झडीत पुन्हा तिथूनच टपटप सुरू झालीये." मग पुन्हा सिलिकॉन, त्यावर डांबराची पट्टी, पट्टीवर अजून सिलिकॉन, आणि पुढच्या वर्षी परत तेच, फक्त थेंब पडायची जागा वीतभर सरकलेली. ठाणे-नवी मुंबईतलं कळवा, खारेगाव, कोपरी, दिघा, ऐरोली, घणसोली गावठाण, नेरुळची रो हाऊसेस, जिथे जिथे आम्ही शेडची कामं करतो तिथे हीच तक्रार असते. लोक शेवटी वैतागून म्हणतात की प्लास्टिकच खराब, सिमेंटचा पत्राच बरा होता. मला हे ऐकून वाईट वाटतं, कारण बहुतेक ठिकाणी शीट चांगली असते आणि बसवताना ती सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा समजून बसवलेली असते. गळतीचं मूळ तिथे आहे आणि ते काढल्याशिवाय कितीही ट्यूबा संपवा, काही उपयोग नाही.

आधी आपण कशाबद्दल बोलतोय ते स्पष्ट करतो. आपल्याकडे "प्लास्टिकची कौलं" म्हणून जे विकलं जातं त्यात जास्त करून यूपीव्हीसीच्या (म्हणजे कडक पीव्हीसी प्लास्टिकच्या) लांब शीट असतात, कौलांचा आकार दाबून काढलेल्या, वरून एएसए नावाच्या उन्हाला टिकणाऱ्या प्लास्टिकचा पातळ थर, रंग विटकरी किंवा चॉकलेटी. दुसरा प्रकार म्हणजे रिसायकल प्लास्टिकची सुटी छोटी कौलं, एकात एक अडकणारी, ती आपल्या भागात कमी दिसतात. मी मुख्य करून पहिल्या प्रकाराबद्दल लिहितोय कारण गळतीच्या तक्रारी त्याच्याच आहेत.

लोक याच्याकडे वळले ते बरोबरच आहे. मंगलोरी कौलाचं छत चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास भरतं, भिजलं की अजून जास्त, त्याला तेवढे जाड वासे आणि रिपा लागतात आणि आता दर उन्हाळ्यात येऊन शाकारणी करून देणारी माणसं मिळत नाहीत. सिमेंटचा पत्रा १५ किलोच्या घरात, पण त्यात ॲस्बेस्टॉस. लोखंडी पत्रा हलका खरा, पण वाशी-ऐरोली-कोपरीसारख्या खाडीकाठच्या हवेत कापलेल्या कडेपासून गंजत जातो आणि पावसात खाली बसून बोलता येत नाही इतका आवाज. यूपीव्हीसीची ३ मिमीची शीट ५-६ किलो, गंजत नाही, आवाज कमी, जुन्या बैठ्या घराच्या भिंतींवर भार येत नाही. म्हणजे निवड चुकलेली नाहीये, हे आधी मनात पक्कं करा, म्हणजे पुढचं काम नीट करायची इच्छा होईल.

आता कारण. प्लास्टिक उन्हात वाढतं आणि गारव्यात आखडतं, आणि लोखंडाच्या पाच-सहा पट जास्त. हिशोब करून बघा. १२ फुटी शीट, जानेवारीतल्या पहाटे तिचं तापमान १६-१७ अंश, मे महिन्यात दुपारी दोन वाजता गडद रंगाची शीट सहज ६० च्या वर जाते, म्हणजे फरक ४५ अंशांचा. पीव्हीसी दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०७ मिमी वाढतं, त्यामुळे तेवढ्या फरकाला १२ फुटांत ११ मिमीच्या आसपास हालचाल होते. ज्यावर शीट स्क्रूने बसवतात तो खालचा आडवा लोखंडी बॉक्स पाइप तेवढ्याच तापमानाला फक्त २ मिमी हलतो, आणि तो तर सावलीत असतो म्हणजे तेवढाही नाही. मग शीट सरकणार, पाइप जागेवर, आणि मध्ये स्क्रू घट्ट. एकतर शीटचं भोक हळूहळू लांबट अंडाकृती होतं, नाहीतर स्क्रूपासून केसासारखी चीर निघते. हे वर्षातून एकदाच होतं असंही नाही, रोज होतं. जूनमध्ये तर सगळ्यात वाईट, सकाळपासून ऊन, शीट ५५ अंशांवर तापलेली आणि अचानक सर कोसळते, काही मिनिटांत शीट २५-३० अंशांनी गार पडते आणि ६-७ मिमी आखडते. सिलिकॉनचा पातळ लेप ही ओढाताण किती दिवस सोसणार? म्हणून तो एका बाजूने सुटतो, दिसायला चिकटलेला असतो पण खालून पाणी जातं.

याची एक खूण घरबसल्या मिळते. संध्याकाळी पाच-सहाला ऊन उतरताना किंवा तापलेल्या शीटवर पहिला पाऊस पडला की छतातून टक टक असे मोठे आवाज येतात का? येत असतील तर शीट कुठेतरी अडकलेल्या आहेत, मोकळेपणाने सरकत नाहीयेत. लोकांना वाटतं वर मांजर चाललंय नाहीतर कुणी खडे मारतंय. हा आवाज पहिल्या वर्षीच ऐकू येतो, गळती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येते, त्यामुळे आवाजावर लक्ष ठेवलंत तर गळतीच्या आधीच काम करून घेता येतं.

पण थांबा, प्रत्येक गळती स्क्रूचीच असते असं नाही, आणि इथेच लोक घाई करतात. आधी थेंब कधी पडतो ते बघा, कुठे पडतो ते नंतर. कारण पाणी शिरतं एका जागी, मग शीटच्या पोटाखालून नाहीतर पाइपाच्या अंगावरून उतारानं वाहत जातं आणि थेंब भलतीकडेच पडतो, बऱ्याचदा तीन-चार फूट खाली. थेंबाच्या बरोबर वर चढून सिलिकॉन मारणं म्हणूनच वाया जातं.

साधा, सरळ पडणारा पाऊस आणि पाचेक मिनिटांत ठिबक सुरू, पाइपाच्या रेषेवर, तर स्क्रूवर संशय घ्या. सरळ पावसात काही नाही, पण वारा सुटला आणि झड आडवी आली की गळतं, तर बाजूचा ओव्हरलॅप (एका शीटवर दुसरी चढते तो जोड), स्लोप किंवा भिंतीकडची कड. पाऊस थांबून तासभर झाला तरी ठिबकतंय म्हणजे वर कुठेतरी पाणी साठून राहिलंय, एकतर शीट खोलगट झालीये, नाहीतर गटर तुंबलंय, नाहीतर दोन शीटच्या मध्ये कोंडलंय. आणि पाऊसच नव्हता, तरी हिवाळ्यात पहाटे थेंब पडले, तर ती गळतीच नाही, खालची वाफ वर गार शीटला लागून तिचं पाणी झालंय. लोखंडी पत्र्याला हे फार होतं, प्लास्टिकला कमी, पण खाली स्वयंपाक होत असेल किंवा कपडे वाळत असतील तर होतंच. त्याला इलाज एकच, आढ्यापाशी किंवा वरच्या कडेला हवा जायला जागा ठेवणं.

कधी गळतं ते कळलं की पाण्याचा पाइप लावून तपासा. एप्रिल-मेमध्ये, कोरड्या छतावर. एक माणूस वर बागेचा पाइप घेऊन, दुसरा खाली टॉर्च आणि खडू घेऊन. सुरुवात नेहमी खालच्या कडेपासून, आणि वर वर जायचं. वरून सुरू केलंत तर पाणी सगळ्याच जागांवरून खाली येतं आणि कुठून शिरलं ते समजत नाही. एका पट्ट्यावर पाच मिनिटं शांतपणे पाणी सोडायचं, फवारा उलटा वरच्या दिशेला मारायचा नाही, तसा मारला तर चांगलं छतसुद्धा गळेल. खालच्या माणसाने पहिला ओला ठिपका दिसला की खडूने गोल करायचा आणि तिथून ओल उताराच्या उलट दिशेनं कुठपर्यंत जाते ते बोट फिरवून बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण दरवर्षी पैसे घालवण्यापेक्षा एक सकाळ गेलेली परवडली.

वर चढायची गोष्ट निघालीच आहे तर हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्लास्टिकच्या शीटवर थेट पाय द्यायचा नाही. दोन पाइपांवर टेकेल अशी लांब फळी टाकायची आणि फळीवरूनच चालायचं, पाय पाइपाच्या रेषेवर. ओल्या शीटवर अजिबात नाही. उजेडासाठी मध्ये एखादी पारदर्शक शीट टाकलेली असते, ती चार वर्षांत धुळीने बाकीच्यांसारखीच दिसायला लागते आणि उन्हाने कडक झालेली असते, त्यातून माणूस सरळ खाली येतो. कामाला येणारं पोरगं "काय नाय होत शेठ" म्हणेल, तरी दोर बांधल्याशिवाय त्याला वर पाठवू नका. एवढं कृपा करून ऐकाच.

आता स्क्रूचं काम. सगळ्यात आधी बघा स्क्रू उंचवट्यावर आहेत की खोलगटीत. यूपीव्हीसी कौलशीटला स्क्रू उंचवट्यावर हवा, खोलगटीतून तर पाणी वाहतं, तिथे भोक पाडणं म्हणजे गळतीला आमंत्रण. लोखंडी ट्रॅपेझॉइडल पत्र्याला बऱ्याच ठिकाणी सपाट खोलगटीत स्क्रू मारायची पद्धत आहे, तीच सवय इकडे येते. दुसरं, भोक. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू थेट शीटमधून खाली पाइपात घुसवतात, म्हणजे भोक स्क्रूएवढंच, सरकायला जागा शून्य. करायचं असं की साडेपाच मिमीच्या स्क्रूला आधी शीटला १० ते १२ मिमीचं भोक स्टेप ड्रिलने पाडायचं, मग त्याच्या मधोमध स्क्रू, आणि वर भोक पूर्ण झाकेल अशी रुंद टोपी, खाली ईपीडीएम नावाच्या काळ्या मऊ रबराचा वॉशर. प्रत्येक शीटच्या मधल्या एका पाइपावर मात्र नेमक्या मापाचं भोक ठेवायचं, म्हणजे शीट मध्यावर धरलेली राहते आणि दोन्ही टोकांकडे सारखी सरकते, नाहीतर ती हळूहळू उताराकडे घसरत जाते. १६-२० फुटी शीट असेल तर टोकाची भोकं गोल न ठेवता लांबट करा.

तिसरं, घट्टपणा. ड्रिल मशीन फुल ताकदीवर लावून कर्रर्र आवाज येईपर्यंत पिळतात, रबर चेपून बाहेर येतं, टोपीभोवती शीट खाली दबते आणि त्या खळग्यात पाणी साचतं. रबर जरासं फुगलेलं दिसलं की थांबायचं. मशीनचा क्लच कमी नंबरवर ठेवा आणि शेवटचा पीळ हातानेच द्या. वॉशर काळा मऊ रबराचाच आहे ना ते नखाने दाबून बघा, स्वस्त स्क्रूबरोबर येणारा कडक प्लास्टिकसारखा वॉशर दोन उन्हाळ्यांत तडकतो.

हे वाचून कुणी जाऊन सगळे स्क्रू सैल करून टाकतील म्हणून सांगतो, तसं करू नका. हलकं छत म्हणजे वाऱ्याला सोपं छत. ताशी १०० किमीचा वारा चौरस मीटरला साधारण ४५-४७ किलोचा दाब देतो आणि उताराच्या छतावर, विशेषतः कडांना, हा जोर वर खेचणारा असतो. मंगलोरी कौलाचं स्वतःचं वजनच जवळपास तेवढं आहे, प्लास्टिकचं ५-६ किलो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मुंबईत वाऱ्याने १०० चा आकडा ओलांडला होता. त्यामुळे पकड स्क्रूच्या संख्येने आणि रुंद टोपीने वाढवायची, पिळून नाही. चारही कडांना एक सोडून एक उंचवट्यावर स्क्रू, मधल्या भागात थोडे कमी चालतील.

जुनं भोक अंडाकृती झालंय, तिथे तोच स्क्रू परत मारून काही होणार नाही. भोक गोल आणि स्वच्छ करून घ्या आणि ४०-५० मिमीची मोठी टोपी रबरासकट बसवा. चीर टोपीच्या बाहेर गेली असेल तर चिरेच्या टोकाला ३-४ मिमीचं बारीक भोक पाडायचं, त्याने चीर पुढे सरकायची थांबते, मग त्याच शीटच्या उरलेल्या तुकड्याचं ठिगळ वरून, सगळीकडून दोन इंच बाहेर येईल असं. कटिंगचे तुकडे म्हणून कधी फेकून देऊ नका, तोच रंग, तोच आकार पुढे बाजारात मिळेलच असं नसतं.

आणि हो, स्क्रू गंजतात. शीटला गंज नाही म्हणून लोक निर्धास्त असतात पण खाडीची खारी हवा आणि तुर्भे-रबाळे-महापे एमआयडीसीच्या बाजूची हवा साध्या झिंक कोटिंगच्या स्क्रूला फार वर्षं टिकू देत नाही. शीटवर स्क्रूपासून खाली तपकिरी ओघळ दिसला की तो स्क्रू गेला समजा. स्टेनलेस स्टीलचे नाहीतर जाड कोटिंगचे घ्या, छताच्या एकूण खर्चात हा फरक किरकोळ आहे.

सिलिकॉनबद्दल. मी त्याच्या विरोधात नाही, चुकीच्या जागी चुकीचं सिलिकॉन लावण्याच्या विरोधात आहे. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते ॲसिड सोडत वाळतं, स्क्रूच्या झिंकला खातं, आणि धुळीवर तर धरतच नाही. न्यूट्रल क्युअर, म्हणजे ॲसिड न सोडता वाळणारं, असं लिहिलेलं घ्या. लावायच्या आधी शीट धुवा, पूर्ण वाळू द्या, मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा. थिनरने पुसायचं नाही, थिनर पीव्हीसीला मऊ करतं आणि वरचा थर बिघडतो. आणि वर-खाली येणाऱ्या दोन शीटच्या ओव्हरलॅपची खालची कड बाहेरून कधीही बंद करू नका! ती जागा पाणी बाहेर पडायची आहे. वाऱ्याने थोडं पाणी आत ढकललं तरी ते त्याच फटीतून परत बाहेर येतं, ती फट बुजवली की पाणी आत कोंडतं, साठतं आणि मग मागच्या बाजूने घरात येतं. सील हवंच असेल तर ओव्हरलॅपच्या आत, वरच्या टोकाजवळ, ब्युटाइल टेपची (चिकट मऊ रबराच्या टेपची) एक आडवी पट्टी. दर वर्षी बाहेरून सिलिकॉन मारून गळती वाढत का जाते याचं उत्तर बऱ्याच घरांत एवढंच असतं.

झडीतच गळत असेल तर बाजूचे ओव्हरलॅप कुठे तोंड करून आहेत बघा. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, त्यामुळे शीट टाकायला सुरुवात पूर्वेच्या टोकाने करायची आणि पश्चिमेकडे सरकत यायचं, म्हणजे वरच्या शीटची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते. उलटं केलं असेल तर प्रत्येक झड त्या फटीत थेट घुसते. आता सगळं उचकटून पुन्हा घालायचं जमत नसेल तर त्या कडांना आतून ब्युटाइल टेप आणि दोन पाइपांच्या मध्ये शीटला शीट धरणारे छोटे स्क्रू, इतकं केलं तरी बराच फरक पडतो.

स्लोपचं दुखणं टेरेसच्या शेडना जास्त. उंची वाढली तर सोसायटी ओरडेल, पालिकेचा प्रश्न येईल म्हणून शेड जवळजवळ सपाट ठेवतात. कौलाच्या आकाराच्या शीटला पायऱ्या असतात, सपाट उतारावर पाणी त्या पायरीला अडतं आणि वारा ते मागे ढकलतो. १५ अंशांचा उतार हवा, म्हणजे १० फुटांना साधारण २ फूट ८ इंच. अगदीच अडचण असेल तर १० अंश, म्हणजे १० फुटांना १ फूट ९ इंच, पण मग ओव्हरलॅप वाढवा आणि शक्यतो एकाच लांबीची शीट घ्या म्हणजे मधला जोडच राहणार नाही. त्याहून कमी उतार ठेवायची वेळ असेल तर हा माल वापरूच नका, मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.

बाकी सगळं बरोबर असूनही गळणारी घरं असतात, त्यात जुना सांगाडा हे कारण फार सापडतं. सिमेंटचा पत्रा काढला, खालचे पाइप तेच ठेवले, वर प्लास्टिक टाकलं. सिमेंटच्या ६ मिमी पत्र्याला आधार १.४ मीटरपर्यंत लांब चालतो, साडेचार फूट. ३ मिमीच्या कौलशीटला तो ६६० मिमीच्या आसपास लागतो, म्हणजे सव्वादोन फुटांपेक्षा किंचित कमी. निम्म्या आधारावर शीट टाकली तर पहिल्या उन्हाळ्यातच ती मध्ये झोळ घेते, कारण पीव्हीसी ७५-८० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि ६० च्या पुढेच त्याची ताकद उतरायला लागते. झोळात पाणी साठतं, ओव्हरलॅप उघडतात, मग वरून काहीही लावा. खालून टॉर्च आडवा धरून बघा, झोळ लगेच दिसतो. इलाज म्हणजे दोन पाइपांच्या मध्ये एक नवीन पाइप, आणि फार वाकलेल्या शीट बदलणं, वाकलेली शीट सरळ होत नाही.

सिमेंटचा जुना पत्रा अजून काढायचा असेल तर हातोड्याने फोडून काढू देऊ नका. ॲस्बेस्टॉसच्या सगळ्याच प्रकारांनी कॅन्सर होतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि धोका असतो तो तुटताना उडणाऱ्या धुळीत. पाणी मारून ओला करा, बोल्ट कापून अख्खा उतरवा, काम करणाऱ्यांना चांगला मास्क द्या, घरातली मुलं आणि म्हातारी माणसं त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवा. तुकडे खाडीच्या कडेला टाकून येऊ नका.

भिंतीकडची कड. रो हाऊसची शेड पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) भिडते तिथे गवंडी कोपऱ्यात सिमेंटचा गोलसर वाटा मारून देतो. शीट रोज सरकते, वाटा जागेवर, पहिल्या महिन्यात तडा. तिथे फ्लॅशिंग, म्हणजे सांधा वरून झाकणारी पट्टी हवी, ते भिंतीत इंचभर खाच मारून भिंतीलाच पक्कं करायचं आणि शीटवर नुसतं टेकवायचं, निदान सहा इंच आत येईल असं, शीटला जोडायचं नाही. शीटची कड आणि भिंत यात अर्धा इंच मोकळं ठेवा.

गटर सगळे विसरतात. २०० चौरस फुटांच्या छतावर तासाला १०० मिमी पाऊस पडला तर १८५० लिटरच्या वर पाणी एका तासात गटरमध्ये येतं, आणि आपल्याकडे असे तास दर पावसाळ्यात येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता, ते सोडाच, साध्या जुलैच्या सरीलाही दीड इंची पाइप पुरत नाही. ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या बाजूला तर पानं इतकी पडतात की मे महिन्यात साफ केलेलं गटर जूनच्या शेवटाला पुन्हा बघायला लागतं, आणि कबुतरांची घरटी असतातच.

शीट खरंच संपलीये का ते कसं ओळखायचं? हात फिरवल्यावर पांढरी पावडर लागते, कडेचा तुकडा जरा वाकवला की मटकन तुटतो, पाच-सहा ठिकाणी स्क्रूशिवायही चिरा आहेत, तर दुरुस्तीत पैसे घालू नका. अशा मालात खडूची भुकटी जास्त भरलेली असते आणि वर उन्हाला टिकणारा थर नसतो. म्हणून नवीन घेताना कापलेली कड बघायची, वरचा रंगीत थर वेगळा दिसला पाहिजे, खालपर्यंत एकच रंग असेल तर विचारा. जड आहे म्हणजे चांगली, असं समजू नका, भुकटी भरली की शीट जडच होते. रंग फिकट घेतलात तर तापते कमी, हालचाल कमी, खाली गारही वाटतं. आणि बिलावर फक्त "पीव्हीसी शीट" न लिहिता जाडी, पाइपांमधलं अंतर आणि स्क्रू कुठले हे लिहून घ्या, पुढे बोलायला आधार राहतो.

रिसायकल प्लास्टिकची छोटी सुटी कौलं असतील त्यांना यातलं बरंचसं लागू नाही, कौल लहान असल्याने प्रत्येकाची वाढ नगण्य. तिथे बघायचं ते क्लिप आणि अडकण, वाऱ्याने एखादं कौल उचललं गेलंय का, आणि उन्हाने कडा ठिसूळ झाल्यात का. एकेक कौल बदलता येतं हा त्यांचा मोठा फायदा.

काम फेब्रुवारी ते मे मध्ये उरकलं पाहिजे. ऐन मे महिन्याच्या दुपारी शीट बसवू नका, तेव्हा ती सगळ्यात लांब असते, आखडली की जोड उघडे पडतात. सकाळी आठ-नऊला बसवा. आणि हे वाचताय तेव्हाच पाऊस धो धो पडत असेल आणि घरात बादल्या लावलेल्या असतील तर आत्ता वर चढू नका, आत्ता खरी दुरुस्ती होत नाही. गळतीच्या जागेवरून आढ्यापलीकडे जाईल एवढी लांब ताडपत्री दोन माणसांनी बाजूच्या शिडीवरून टाकायची, शीटला खिळा किंवा स्क्रू न मारता दोऱ्या खालच्या पाइपांना बांधायच्या. दोन-तीन दिवस उघडीप मिळाली तर फक्त चिरेवर, शीट पूर्ण कोरडी करून, ब्युटाइल टेप दाबून बसवा. दिवाळीनंतर ऊन पडलं की ताडपत्री काढून धुऊन ठेवा, ती वर तशीच राहिली तर खाली ओल आणि शेवाळ धरतं आणि दोऱ्या वाऱ्याने घासून शीटच्या वरच्या थराला चरे पाडतात.